हसनच्या कबरीजवळ एक मराठी पाटी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुलताबादचे सूफी संत जर जरी जर बक्ष यांच्या उरुसाची बातमी यंदाही आपल्या दैनिकात वाचली. पाळणे, दुकाने, एसटीच्या जादा गाड्या, पोलीस बंदोबस्त, सगळे अगदी बिनचूक होते. एरवी वर्षभर खुलताबादचे नाव छापून येते ते 1707 सालच्या एका कबरीपायी. तिच्यावर आजवर सांडली तेवढी शाई पुरे, त्यात माझी भर नको. मी लिहिते आहे ती दुसऱ्या एका कबरीबद्दल. मी तिथे जाते तेव्हा बहुधा दोन-चार शेळ्या आणि मीच असतो.

ही कबर अमीर हसन सिज्झी यांची. मी पहिल्यांदा तिथे गेले ते तिसरीत, पाढे काही केल्या पाठ होईनात म्हणून. दादीने कबरीवर चिमूटभर साखर ठेवली आणि मला चाटायला लावली. डोके चालायला लागते म्हणे. एकोणतीसचा पाढा मला आजही येत नाही, पण दादीचा विश्वास अगदीच बिनबुडाचा नव्हता हे फार उशिरा कळले. ज्या माणसाच्या कबरीवरची साखर आपण चाटतो त्याने एक ग्रंथ लिहिला आहे आणि सातशे वर्षे तो वाचला जातो आहे, हे मला शाळेत, उरुसात किंवा दर्ग्याच्या पायरीवर कुणीही सांगितले नाही. सांगितले अब्बांनी, तेही एक गाठोडे दुकानात बेवारस पडले म्हणून.

अब्बा जिल्दसाज, म्हणजे पुस्तके बांधणारे, होते. ग्रामपंचायतीची रजिस्टरे, किराणा दुकानांच्या चोपड्या, फाटलेले कुरआन आणि सप्ताह जवळ आला की ज्ञानेश्वरीच्या खिळखिळ्या झालेल्या प्रती, हे सगळे आमच्या ओट्यावर एकाच ढिगात असे. मैद्याची खळ शिजवताना ते तिच्यात किंचित मोरचूद टाकत, म्हणजे कसर लागत नाही. 1972 च्या दुष्काळात एक कुटुंब गाव सोडून चालले होते. जाताना त्यांनी जुन्या सुट्या पानांचे एक गाठोडे बांधणीला टाकले आणि पाऊस पडला की नेतो म्हणाले. पाऊस पुढच्या वर्षी पडला. ते आले नाहीत.

गाठोड्यात 61 पाने होती, लाल खादीच्या फडक्यात. कागद कागजीपुऱ्याचा असावा असे अब्बांचे मत. दौलताबादहून खुलताबादला येताना वाटेत लागते ते गाव. चिंध्या आणि गोणपाट भिजवून, कुटून तिथे कागद करतात, ही कला तुघलकाच्या काळापासूनची. चांगला घोटलेला कागद बोटाला अंड्याच्या कवचासारखा लागतो. पाने पार उलटसुलट झाली होती आणि आकडे कुठेच नव्हते. पण जुन्या फारसी हस्तलिखितात पानाच्या तळाशी कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहून ठेवलेला असतो. अब्बा त्याला रकाब म्हणत. रकाब म्हणजे आपली रिकीब, घोड्यावर चढताना पाय ठेवतो ती. या पानाच्या रिकिबीत पाय ठेवायचा आणि पुढच्या पानावर चढायचे. पंधरा दिवस रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे हाच खेळ खेळलो. मी शब्द वाचायची, अब्बा त्याचे जोडपान शोधायचे. मराठी शाळेतल्या मुलीला नस्तालिक लिपी अशी लागली. 61 पैकी 54 पाने क्रमाने लागली. उरलेली सात कुठल्या ना कुठल्या पोटातून गळलेली, आगापिछा नसलेली.

शेवटचे पान नव्हते, त्यामुळे नकलनवीस कोण आणि साल कुठले, काहीच हाती लागले नाही. मजकूर मात्र अब्बांनी ओळखला. पुढे लखनौच्या नवलकिशोर छापखान्याची जुनी छापील प्रत त्यांनी कुठूनशी पैदा केली आणि ताडून पाहिले. ते होते हसनचे ‘फवाइदुल फुआद’, म्हणजे हृदयाला लाभ देणारी वचने.

या ग्रंथाची जात मराठी वाचकाला परकी वाटू नये. आपल्याकडे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जशा विचारून विचारून लिहून काढल्या, तसाच हा प्रकार. गुरू कुठे बसले होते, कोण आले, काय विचारले, गुरू काय बोलले. फारसीत याला मलफूजात म्हणतात. हसन हे दिल्लीचे नावाजलेले कवी, अमीर खुसरोंचे मित्र, फौजेच्या चाकरीतले. उतारवयाकडे झुकल्यावर ते दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, झाले आणि जानेवारी 1308 पासून 1322 पर्यंत, जेव्हा जेव्हा गुरूंकडे जाता आले तेव्हा तेव्हा, तारीख घालून बैठक लिहून ठेवत गेले. अशा 188 मजलिसी आहेत. खुसरो म्हणे म्हणायचे की माझे सगळे ग्रंथ हसनच्या नावे होऊ देत आणि हे एक पुस्तक मला मिळू दे.

अब्बांचे सर्वात लाडके पान निराळेच होते. वर्षाहून जास्त काळ हसन गुपचूप लिहीत राहिले. मग एके दिवशी धीर करून त्यांनी गुरूंना सांगितले. निजामुद्दीन म्हणाले, दाखवा. हसननी कागद पुढे केले. वाचता वाचता गुरूंना एक-दोन ठिकाणी अर्धी ओळ कोरी दिसली. ही जागा का सोडली? हसन म्हणाले, पुढचे शब्द मला नीट आठवेनात. मग गुरूंनी त्या रिकाम्या जागा आपल्या तोंडाने भरून दिल्या. स्वतः आपले गुरू बाबा फरीद यांचे बोल कसे टिपून ठेवायचो आणि कुणीतरी कोऱ्या कागदांची एक बांधलेली चवड आपल्याला कशी दिली होती, हेही त्यांनी सांगितले. जिल्दसाजाला या गोष्टीत काय दिसत असेल? अब्बा म्हणायचे, ‘इमानदार आदमी था. याद नै आया तो जगा छोड्या, अपने दिल का नै भऱ्या.’ एवढे बोलून ते खळीचा डबा जवळ ओढायचे.

माझे पान वेगळे. शाळेत 31 वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली निम्मी तरी क्रियापदांत गेली. मुलगा झोपतो: क्रिया कर्त्यापासून निघाली आणि कर्त्यापाशीच थांबली, म्हणून अकर्मक. आई भाकरी करते: क्रिया कर्त्यापासून निघून दुसऱ्यावर गेली, म्हणून सकर्मक. फळ्यावर हे किती वेळा लिहिले याची गणती नाही. एका रविवारी दुपारी गाठोडे उघडून बसले होते आणि एका ओळीपाशी अडले. तिथे निजामुद्दीन सांगत होते की ताअत, म्हणजे ईश्वराची सेवा, दोन प्रकारची असते: लाजिम आणि मुतअद्दी. दोन्ही शब्द मला उर्दू व्याकरणातून ठाऊक होते. लाजिम म्हणजे अकर्मक, मुतअद्दी म्हणजे सकर्मक!

अकर्मक सेवा म्हणजे नमाज, रोजा, हजयात्रा, जपजाप्य. तिचा लाभ करणाऱ्यापाशीच थांबतो. सकर्मक सेवा म्हणजे दुसऱ्याला खाऊपिऊ घालणे, दुसऱ्यासाठी पैसा झिजवणे, माया करणे. तिचे फळ मोजमापापलीकडचे. पुढची अट तर मला आणखी आवडते. अकर्मक सेवा कबूल व्हायची तर मन शुद्ध पाहिजे, दिखावा चालणार नाही. सकर्मक सेवा कशाही हेतूने केली तरी तिचे पुण्य लागते. भुकेल्याच्या पोटात भाकरी गेली ना? मग देणाऱ्याच्या मनात मोठेपणा होता की नव्हता, हा हिशेब नंतरचा. स्वतः कडक नमाजी असलेला माणूस हे सांगतो आहे, हे ध्यानात घ्यावे. नमाज सोडा असे ते कुठेच म्हणत नाहीत.

त्यानंतर मी आठवीच्या वर्गात हे उदाहरण दरवर्षी दिले. सप्ताहाला जाणारी, उपास करणारी, मशिदीत जाणारी, सगळीच पोरे समोर असत. ‘एकादशी धरणे’ अकर्मक का सकर्मक, यावर एकदा तास संपेपर्यंत भांडण चालले होते. फराळ घरात सगळ्यांना मिळतो म्हणून ती सकर्मकच, असा एका मुलाचा दावा होता.

अशी माणसाच्या कामाला येणारी वचने या ग्रंथात जागोजागी आहेत. कुणी वाटेत काटा टाकला म्हणून तुम्हीही टाकलात तर सगळीकडे काटेच होतील. लोकांची रीत आहे सरळाशी सरळ आणि वाकड्याशी वाकडे, दरवेशाची रीत आहे सरळाशी सरळ आणि वाकड्याशीही सरळ. जिवंत माणसाच्या घरी जाऊन काही न चाखता परतलात तर जणू मेलेल्याला भेटून आलात, हेही त्यातच. आमच्याकडे ‘घोटभर चहा तरी घ्या’ म्हणून पाहुण्याला दारातून हलू देत नाहीत, त्यामागे नेमके हेच वचन आहे असा माझा दावा नाही. पण ऐकले तेव्हा घरचेच वाटले.

संपादक महोदय, आता मूळ मुद्द्यावर येते. हसन दिल्लीचे, ग्रंथ दिल्लीचा, मग खुलताबादचा त्याच्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली, त्याला दौलताबाद नाव दिले आणि दिल्लीच्या माणसांना इकडे धाडले. त्या लोंढ्यात हसनही आले आणि इथल्याच मातीत गेले. त्यांचे गुरुबंधू बुऱ्हानुद्दीन गरीबही आले. 1337 साली ते वारले आणि त्यांची मजार खुलताबादेत झाली. आणि इथे, आपल्या दौलताबादेत, ती लिहिण्याची सवय पुन्हा रुजली. रुक्नुद्दीन काशानी नावाच्या मुरीदाने बुऱ्हानुद्दीनांच्या बैठका टिपल्या, तो ‘नफाइसुल अनफास’. त्याच्या भावाने, हम्मादने, वचने गोळा केली, तो ‘अहसनुल अकवाल’. तिसऱ्या भावाने, मज्दुद्दीनने, चमत्कारांच्या कथा लिहिल्या. एकाच घरातले तीन भाऊ एकाच गुरूचे शब्द वेचत बसले होते. रुक्नुद्दीन पेशाने दबीर, म्हणजे सरकारी चिटणीस. शिवकाळातला आपला डबीर तो हाच शब्द. पुढे बुऱ्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराझी यांचेही बोल ‘हिदायतुल कुलूब’मध्ये उतरले. म्हणजे चौदाव्या शतकात देवगिरीच्या पायथ्याशी किमान दोन पिढ्या हा उद्योग चालू होता. त्याआधी जेमतेम अर्धशतक, याच यादवांच्या मुलखात महानुभावांनी आपल्या गुरूंचे शब्द मराठीत जपले होते. दोघांची कधी गाठ पडली असे मी म्हणत नाही. पण मराठवाड्याच्या शाळेत एकाचे नाव सातवीत कानावर पडते आणि दुसऱ्याचे म्हातारपणी, ही गोष्ट बरी नव्हे.

बुऱ्हानुद्दीन हा माणूसही पाहा. दिल्लीत असताना सत्तरीपलीकडे वय, पाय दुखायचे, म्हणून घोंगडी दुहेरी घडी करून तिच्यावर बसायचे. कुणीतरी निजामुद्दीनांच्या कानी घातले की हे तर आत्ताच पीर होऊन गादीवर बसले. गुरू रागावले, बोलेनासे झाले. शेवटी अमीर खुसरो स्वतःच्या गळ्यात पागोटे अडकवून गुरूंपुढे उभे राहिले आणि माफी मिळवून दिली. एका घोंगडीच्या घडीवरून केवढे रामायण! आणि ज्यांनी इतका राग धरला त्या गुरूंच्या गावाकडे, दिल्लीच्या गियासपूरकडे, बुऱ्हानुद्दीनांनी जन्मभर पाठ केली नाही, असे लिहून ठेवले आहे. दक्षिणेत आल्यावरही. आता खुलताबादेत राहून उत्तरेला पाठ करायची नाही म्हणजे रोजच्या उठण्याबसण्याची काय कसरत होत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. समाच्या, म्हणजे कव्वालीच्या, बाबतीत मात्र हा दुखऱ्या पायांचा म्हातारा कुणाला ऐकत नसे. त्यांच्या शिष्यांच्या डोलण्याची ढबच वेगळी, लोक त्यांना ‘बुऱ्हानी’ म्हणून ओळखत. तापीकाठचे बुऱ्हाणपूर ते याच बुऱ्हानुद्दीनांच्या नावाचे, आणि पलीकडच्या काठावरचे जैनाबाद जैनुद्दीनांच्या.

आता माझे गाऱ्हाणे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मंडळाने जुन्या हस्तलिखितांचे प्रदर्शन भरवले. चांगला हेतू, चांगली माणसे. मी आपण होऊन दोन पाने दिली, कोऱ्या जागांच्या गोष्टीचे आणि लाजिम-मुतअद्दीचे. आठवड्याने पाने परत आली ती दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद करून. ‘मॅडम, आता कायमची टिकतील,’ असे आणून देणारा मुलगा आनंदाने म्हणाला. मी त्याला पाणी दिले, चहा दिला. तो गेल्यावर पाने हातात घेतली. प्लॅस्टिक तापवून दाबले की त्याचा डिंक कागदाच्या अंगात शिरतो. पुढे सोलायला गेले तर शाईचा थर त्याच्याबरोबर उचलून येतो, न सोलावे तर कागद आत पिवळा पडत जातो. एका पानाची किनार तर मापात बसावी म्हणून कापली होती. नेमकी तळाची. रिकीब गेली.

अब्बा असते तर काय म्हणाले असते याचा अंदाज आहे. बाबा फरीदांना कुणी कात्री भेट दिली तेव्हा ते म्हणाले होते की मला सुई द्या, मी जोडणारा आहे, कापणारा नाही, अशी गोष्ट सांगतात. अब्बा ती सांगून पुढे हमखास जोडायचे, ‘बाबांकू खाली सुई होना था, अपनेकू दोनों होना. लेकिन कैंची पैले नै उठाने का.’

त्या मंडळाचे नाव मी लिहीत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नाही. विचारायचे कुणाला, हेच आपल्याकडे कुणाला ठाऊक नसते. 2003 मध्ये केंद्र सरकारने हस्तलिखितांचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, मोठ्या संस्थांना त्याची माहितीही असेल. पण गावातल्या घराला ते नाव पोचत नाही, आणि पोचले तरी घर घाबरते. एकदा गाठोडे दिले की परत येईल का, आपल्याच घरावर काही किटाळ तर येणार नाही ना, ही भीती मी स्वतः ऐकली आहे. मग पाने माळ्यावर राहतात, कसर खाते, नाहीतर कुणीतरी अदबीने विहिरीत सोडते. जीर्ण झालेला अल्लाचा शब्द पायदळी येऊ नये म्हणून पाण्यात सोडायची रीत आहे. तिच्यात किती दबीर आणि किती हसन वाहून गेले असतील कोण जाणे.

म्हणून मागणे साधे आहे. गाठोडी मागू नका, छायाचित्रे मागा. तालुक्याच्या गावी वर्षातून एक दिवस कॅमेरा, पांढरा पडदा आणि फारसी, मोडी वाचणारी दोन माणसे बसवावीत. लोकांनी घरची पाने आणावीत, त्यांच्या डोळ्यांदेखत टिपून घ्यावीत, आणि गाठोडे ज्याचे त्याने संध्याकाळी घरी न्यावे. मोडीचे दफ्तर असो, महानुभावांची पोथी असो, फारसी मलफूज असो, एकच रांग. जाताना प्रत्येकाला सांगावे की सेलोटेप लावायचा नाही, प्लॅस्टिकमध्ये घालायचे नाही, सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचे. एवढ्याने निम्मे काम होईल. जिल्हा परिषदेने मनावर घेतले तर माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणी फुकट येतील, आम्हाला घरी तरी कोण विचारतो.

दुसरे, हसनच्या कबरीजवळ एक पाटी. मराठीत, उर्दूत. हा कोण, याने काय लिहिले, 188 बैठका, आणि त्यातले ते अकर्मक-सकर्मकाचे वचन. सहलीला येणाऱ्या मुलांना किल्ल्यावरची तोफ दाखवून झाली की तिथे दहा मिनिटे उभे करावे. साखर चाटायची असेल त्यांनी चाटावी, माझी हरकत नाही. मधुमेहामुळे मीच आता चाटत नाही.

तिसरे मागणे आपल्याकडे. उरुसाच्या पानावर पाळण्यांच्या छायाचित्राशेजारी चार बोटे जागा या ग्रंथांतल्या एकेका बैठकीला द्यावी. मराठी करून द्यायची माझी तयारी आहे. जिथे शब्द लागणार नाही तिथे मी जागा कोरी सोडीन, वाचकांत कुणी जाणकार असेल तो भरील.

प्लॅस्टिकमधली ती दोन पाने मी वेगळ्या खणात ठेवली आहेत. गाठोड्यात त्यांच्या जागी कागजीपुऱ्याहून आणलेले दोन कोरे कागद घातले आहेत आणि पहिल्याच्या तळाशी, कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द पेन्सिलीने तिरका लिहिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
खुलताबाद